हायब्रीडची गिअरपेटी: द्वारका ते कसारा, आठ-नऊ महिन्यांनंतर

नाशिकच्या सातपूरला गिअर कापायच्या कामात असल्यामुळे हायब्रीड घेताना मी मायलेजच्या आधी पेटीबद्दल विचारलं. गाडी दीड लिटरची, तीन सिलिंडरची स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकणारी. माहितीपत्रकात 'ई-सीव्हीटी' (सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअरऐवजी प्रमाण सलग बदलणारी पेटी) लिहिलेलं बघून ओळखीतले सगळे एकच सांगायचे, "सीव्हीटीचा बेल्ट गेला की लाखाला खड्डा." या पेटीत बेल्टच नाही. टॉर्क कन्व्हर्टर नाही, क्लचप्लेटींची चळत नाही, वेगळा स्टार्टर नाही आणि गंमत म्हणजे रिव्हर्सचा गिअरही नाही.

आहे तो एक प्लॅनेटरी संच, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे प्लॅनेट गिअर आणि बाहेरून दातांची कडी, आणि दोन मोटर. मधल्या सन गिअरला छोटी मोटर, प्लॅनेट गिअर धरणाऱ्या कॅरिअरला इंजिन, आणि बाहेरच्या रिंग गिअरकडून ताकद चाकांकडे. मोठी मोटरही याच बाजूला. दात कायम एकमेकांत बसलेले, काहीच सुटत-जुळत नाही. छोट्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकांचं प्रमाण बदलतं. टोयोटाने 1997 मध्ये पहिल्या प्रियसमध्ये हीच कल्पना आणली. त्या संचात सनला 30 दात आणि रिंगला 78. म्हणजे इंजिनचा साधारण 72 टक्के टॉर्क (फिरवण्याचा जोर) थेट चाकांच्या बाजूला, उरलेला छोट्या मोटरकडे. सगळ्या हायब्रीड अशा नसतात. होंडा सिटीच्या हायब्रीडमध्ये प्लॅनेटरी नाही. बहुतेक वेळ मोटरच गाडी ओढते आणि हायवेच्या वेगाला क्लच जुळून इंजिन थेट चाकांना लागतं.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत ही पेटी म्हणजे सुख. गाडी रांगत असते, इंजिन बंद, झटका नावाला नाही. इंजिन कधी चालू झालं ते मीटर बघून कळतं.

घाटात मात्र स्वभाव दिसतो. कसारा चढताना पाय दाबला की इंजिन एकदम वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच ओरडत राहतं, वेग मागून सावकाश येतो. तीन सिलिंडरचा तो आवाज मला अजून आवडलेला नाही. उतरतानाचं गणित वेगळं, तेव्हा मोठी मोटर गाडीला रोखत वीज करते आणि बॅटरी भरते. भरलेली गाडी दीड टन धरली आणि उतार तीनशेक मीटर, तर कागदावर एक युनिटहून जास्त ऊर्जा होते. बॅटरी अख्खी पाऊण युनिटची. ती अर्ध्या घाटातच भरते. मग उतारावर इंजिनचा ब्रेक लावणाऱ्या 'बी' मोडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसतं फिरवून जादा वीज खर्ची घालते. आवाज येतो, पण पेट्रोल जळत नसतं. शेजारी बसलेल्याला हे आधीच सांगून ठेवावं.

रिव्हर्समध्ये मोठी मोटर उलटी फिरते, बस. इंजिन चालू असलं तरी त्याचा जोर पुढच्याच दिशेला लागतो, म्हणून खड्या चढावर गाडी मागे घेताना ताकद कमी वाटते. आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर मी आता नाक पुढे करूनच चढतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. मोठी मोटर चाकांना कायम जोडलेली असते, चाकं फिरली की ती वीज करू लागते. आणि पेटीचं ऑईल. एका सर्व्हिस सेंटरवर "आयुष्यभर बदलायचं नाही" असं ऐकलं. मला पटत नाही. घासणाऱ्या क्लचप्लेटी नसल्या तरी दातांचा आणि बेअरिंगचा बारीक चुरा त्यातच येतो, शिवाय मोटरच्या वायंडिंगलाही (तारांच्या गुंडाळीला) तेच ऑईल थंड ठेवतं. 80 हजार किलोमीटरच्या आसपास मी ते बदलून घेणार आहे, तेही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच.