तोन्कात्सु घरी करताना: कढईभर तेल की अर्धं पेर?

जपानात राहून घरी तोन्कात्सु, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला डुकराच्या मांसाचा काप, करायचा म्हटलं तर सामानाची चिंता नसते. सुपरमार्केटात 'तोन्कात्सुसाठी' अशी चिठ्ठी लावलेले रोसुचे, म्हणजे चरबीची कड असलेले काप तयार मिळतात आणि ओला पान्को, म्हणजे पावाचा जाडसर चुराही मिळतो. घोडं अडतं ते तळण्यापाशी. काप पोहेल इतकं तेल खोल भांड्यात घ्यायचं, की फ्राइंग पॅनमध्ये अर्धं पेर तेल घालून एकेक बाजू तळायची? या दुसऱ्या प्रकाराला इथे 'आगे-याकी' म्हणतात. मी दोन्ही करत आलोय. पान्को आधी भाजून घेऊन काप ओव्हनमध्ये ठेवायचा असा तिसराही मार्ग आहे. तब्येतीसाठी ठीक, पण तो खाताना घोटभर पाणी जवळ लागतं, म्हणून इथे धरत नाही.

दिसण्यात खोल तेल पुढे, यात वादच नाही. चहूबाजूंनी सारखी आच लागते, पान्कोचे तुरे ताठ उभे राहतात, कडासुद्धा सोनेरी होतात. भरपूर तेल असलं की थंड काप पडल्यावर तापमान फार घसरत नाही, त्यामुळे नवख्यालाही ते सांभाळून घेतं. पान्कोचा एक कण टाकावा. तो मध्यापर्यंत बुडून वर आला की साधारण 170 अंश झाले समजायचं.

अर्धं पेर तेल म्हणजे काटकसरीची पळवाट, असं मात्र नाही. टोकियोतल्या गिंझा भागात 1895 साली सुरू झालेल्या रेंगातेइ या रेस्टॉरंटनं 1899 च्या सुमारास डुकराचं मांस तेम्पुरासारखं भरपूर तेलात तळायला घेतलं, असं सांगतात. त्याआधीचा युरोपीय कटलेट तव्यावर थोड्या लोण्यातच व्हायचा. म्हणजे थोड्या तेलाचा प्रकारच जुना. शिवाय रव्यात घोळवलेली सुरमई तव्यावर परतणाऱ्या हाताला तो नवीन वाटायचं कारण नाही. कधी हलवायचं नाही, हे त्या हाताला ठाऊकच असतं.

माझा कौल थोड्या तेलाला, आणि तो ज्यावर ठरला ती गोष्ट चवीची नाहीच. ती आहे जेवणानंतर शेगडीवर उरलेलं तेल. 20 सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात चार सेंटिमीटर तेल म्हणजे जवळपास सव्वा लिटर. तळाशी पान्कोचा करपलेला चुरा बसलेला, आणि वास असा की सांगायलाच नको. जपानी घरात हे तेल गाळून झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि पुढचे काही दिवस भाज्या परतायला वापरतात. आपल्याकडे ते कशाला चालणार? त्यात पुऱ्या तळता येत नाहीत, बटाट्याच्या भाजीला फोडणी देता येत नाही, आणि घरात कुणी शाकाहारी असेल तर तो डबा ओट्यावर दिसलेलासुद्धा खपत नाही. पुढच्या कात्सुसाठी ठेवावं, तर तोवर ते खवट होतं.

मग टाकायचं. सिंकमध्ये ओतायची सोय नाही. तेल गोठवायची पूड मिळते. तेल गरम असतानाच ती ढवळायची आणि थिजेपर्यंत थांबायचं. एक पुडी साधारण 600 मिलीची, म्हणजे सव्वा लिटरला दोन लागल्या. थिजलेली चकती भांड्यातून सोडवायची, पिशवीत बांधायची आणि जाळायचा कचरा उचलतात त्या वाराची वाट बघायची. ऑगस्टमध्ये ती पिशवी घरात ठेवून बघा. दोन काप खाण्यासाठी एवढा व्याप मला झेपत नाही, हे खरं कारण.

त्याच भांड्यात एक सेंटिमीटर तेल म्हणजे तीनशे मिली. तळून झाल्यावर जे उरतं ते दुधाच्या रिकाम्या खोक्यात चुरगळलेल्या वर्तमानपत्रावर ओतलं की काम झालं. ते थंड झाल्यावर ओतायचं आणि वर थोडं पाणीही टाकायचं, कारण तेल मुरलेला कागद आपोआप तापून पेटू शकतो. मग खोक्याचं तोंड टेपनं बंद करायचं.

थोडं तेल मागतं मात्र शिस्त. चरबी आणि मांस जिथे भेटतात त्या रेषेवर सुरीच्या टोकानं पाच-सहा चिरा द्यायच्याच. खोल तेलात काप थोडा वाकला तरी तळला जातो. इथे तो द्रोणासारखा उचलला गेला की मधला भाग तेलाला टेकत नाही, आणि पांढरा डाग राहतो. काप फ्रिजमधून थोडा आधी काढून ठेवावा. पीठ लावून झटकावं, अंड्यात बुडवावं, मग पान्कोवर ठेवून तळव्यानं दाबावं, पण घासू नये. ओला पान्को नसेल तर कोरड्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. तेलात एका वेळी एकच काप सोडावा. खालची बाजू रंग धरेपर्यंत हात लावायचा नाही, तोवर चमच्यानं कडांवर तेल सोडत राहायचं. उलटायचं एकदाच. काढल्यावर कागदावर आडवा टाकू नका. जाळीवर उभा ठेवा, तीन-चार मिनिटं. आडवा ठेवला तर खालचा पान्को वाफेनं मऊ पडतो, मग तेल किती घेतलं होतं याला अर्थ उरत नाही. आणि इतकं करूनही कडेला एक फिकट पट्टी राहतेच. मला ती चालते. पाहुण्यांसमोर ताट मांडायचं असेल तर तुम्हाला कदाचित खटकेल.

दोन ठिकाणी माझा कौल लागू नाही. एक म्हणजे आयएच, म्हणजेच इंडक्शन शेगडी. बहुतेकींच्या माहितीपुस्तकात तळणासाठी किमान किती तेल हवं ते दिलेलं असतं. तेल त्याहून कमी असेल तर तापमान झपाट्यानं चढतं, तेव्हा तिथे पुस्तकाचंच ऐकावं. दुसरं म्हणजे कापाची जाडी. एक-दीड सेंटिमीटरपर्यंत पॅन उत्तम. कुरोबुताचा, म्हणजे काळ्या डुकराचा, अडीच सेंटिमीटर जाड काप समोर असेल तर आतपर्यंत शिजायच्या आधी बाहेरचं करपतं. आतून गुलाबी ठेवलेले कात्सु दुकानांत दिसतात खरे, पण 2015 पासून इथे हॉटेलांना कच्चं डुक्कर वाढायला बंदी आहे. मधोमध 63 अंशांवर अर्धा तास, किंवा तितकीच खात्री देणारी आच हवी, असा नियम आहे. ते गणित घरच्या पॅनमध्ये जमवण्याच्या फंदात मी पडत नाही. तसा जाड काप खायची इच्छा झाली की दुकानात जातो. कोबी तिथे पुन्हापुन्हा फुकट वाढतात आणि तेलाचं काय करायचं ते त्यांचं ते बघतात.