वेल्सचा राजपुत्र की अस्तुरियासची राजकन्या?
मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. शेतकऱ्याच्या घरातलं पोर, नावासकट सगळं बदललं. आम्हा खानदेशकरांना म्हणूनच किताबांचं कुतूहल. माझा प्रश्न एकच: वारसाला किताब हक्काने मिळतो की मर्जीने?

ब्रिटनमध्ये दोन्ही आहेत. राजाच्या थोरल्या मुलाला, तो वारस असेल तर, ‘ड्यूक ऑफ कॉर्नवॉल’ हे पद आपोआप मिळतं. ही रीत १३३७ पासूनची. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ मात्र राजाने द्यायचा. चार्ल्स १९५२ मध्येच वारस झाले, हा किताब मिळाला १९५८ मध्ये आणि समारंभ थेट १९६९ मध्ये! त्यांचा मुलगा विल्यमना तो आजी एलिझाबेथ वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर झाला. एलिझाबेथ स्वतः गादीवर बसल्या, पण वारस असताना त्यांना वेल्सचा किताब कधीच मिळाला नाही. मला हे फार लागतं.

स्पेनमध्ये १३८८ पासून वारस म्हणजे अस्तुरियासचा (हा उत्तर स्पेनमधला प्रांत) राजपुत्र किंवा राजकन्या. २०१४ मध्ये फेलिपे राजे झाले, त्याच दिवशी त्यांची आठ वर्षांची थोरली लेक लिओनोर अस्तुरियासची राजकन्या झाली. धाकटी सोफिया ‘इन्फान्ता’च (वारस नसलेली राजकन्या) राहिली.

किताबाच्या बाबतीत मला स्पेनच उजवा वाटतो: लेकीला तो स्वतःच्या हक्काने मिळतो. पण तिथल्या १९७८ च्या राज्यघटनेत बहिणीआधी भावाचा मान आजही आहे. ब्रिटनने हा भेद २०१३ च्या कायद्याने काढला, म्हणून विल्यमची लेक शार्लट धाकटा भाऊ लुईच्या पुढे आहे.