घरच्या घरी रिमिक्स: एफएल, एबलटन की रीपर?

श्रावण संपत आला की सांगली-साताऱ्याकडच्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: रिमिक्स करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? उत्तरही ठरलेलं: एफएल घे, सगळे तेच वापरतात. उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. आधी विचारायला हवं, की गाणं कुठलं घेणार?

अलीकडचं, क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठरलेल्या ठोक्यावर रेकॉर्ड झालेलं गाणं असेल तर कशावरही काम होईल. पण जुनी लावणी, गोंधळ किंवा जत्रेत मोबाईलवर घेतलेली हलगी असेल, तर त्याची लय हलती असते. ढोलकीवाला मुखड्याला ९८ बीपीएमवर (मिनिटाला ठोके) असेल, तर तोड्यापर्यंत १०४ वर गेलेला असतो. रंग चढतो तो असाच. संगणकातला किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, मात्र तसूभर सरकत नाही, आणि दोन कडवी होईतो गाणं एकीकडे, ठोका दुसरीकडे. ही हलती लय कोण किती सोप्या रीतीनं सांभाळतं, यावर मी निवड करतो. बाकी प्लगइनच्या, म्हणजे जोडायच्या आवाज-इफेक्टच्या याद्या कौतुकानं वाचाव्यात आणि सोडून द्याव्यात.

एक खुलासा आधीच. व्हर्च्युअल डीजे किंवा सेराटो हे वाजवायचं सॉफ्टवेअर. एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं, मध्ये इफेक्ट टाकायचा, एवढंच करायचं असेल तर तेच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. गाणं उघडून नव्यानं बांधायचं असेल तर डीएडब्ल्यू (उच्चार ‘डॉ’), म्हणजे पूर्ण रेकॉर्डिंग आणि मांडणीचं सॉफ्टवेअर लागतं.

एफएल स्टुडिओ बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. पूर्वीचं नाव फ्रूटीलूप्स, आणि जुनी मंडळी अजून तेच म्हणतात. बीट बांधण्यात याचा हात धरणारं कुणी नाही. चौकोनांवर टिचक्या मारल्या की किक, क्लॅप, हॅट वाजायला लागतात. नवख्याला पहिल्याच संध्याकाळी काहीतरी ऐकवण्यासारखं जमतं. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, हा मोठा फायदा. पण घेताना सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेऊ नका. तिच्यात प्लेलिस्टवर, म्हणजे गाणं मांडायच्या पाटीवर, ऑडिओ क्लिप टाकता येत नाही, आणि गाण्याचा आवाजच मांडता आला नाही तर रिमिक्स कशाचा करणार? किमान प्रोड्यूसर आवृत्ती हवी. फुकटच्या चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, गाणं एक्स्पोर्टही होतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. शिकायला ठीक, काम घ्यायला नाही. हलत्या लयीचं गाणं आलं की एफएल थोडं अडतं: क्लिपचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा ताणून ठोक्यावर बसवायचा. जमतं, पण कंबर धरते.

एबलटन लाइव्ह बर्लिनचं, २००१ पासूनचं. वार्प, म्हणजे गाणं ताणून लयीत बसवायची सोय, हीच त्याची खरी कमाई. गाणं आत टाकलं की ते स्वतः ठोके शोधतं. जिथं चुकतं तिथं पिवळा मार्कर धरून ढोलकीच्या थापेवर ओढायचा. दर चार मात्रांना एक मार्कर ठेवला तरी जुनी लावणी सरळ होते. सगळ्या थापांवर मार्कर मारायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर लचक जाते आणि गाणं यंत्रासारखं वाजतं. अडचण किमतीची आहे. स्वस्तातल्या इंट्रो आवृत्तीत सोळाच ट्रॅक मिळतात, आणि पूर्ण गाण्याला वा गायकीला चांगले पडणारे कॉम्प्लेक्स व कॉम्प्लेक्स प्रो हे वार्पचे प्रकार तिच्यात नाहीत. त्यासाठी स्टँडर्ड घ्यावं लागतं, आणि ते विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही.

म्हणून विचाराल तर मी रीपरकडे बोट दाखवतो. हे वापरणारे आपल्याकडे थोडे, त्यामुळे शेजारी विचारायला कुणी मिळत नाही, हा तोटा खरा. दिसायलाही कोरडं आणि सोबत तयार आवाज जवळपास नाहीतच. किक-क्लॅप स्वतः जमवावे लागतात. पण साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, आणि व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरचा. जुन्या लॅपटॉपवर कुरकुरत नाही. थापेवर कर्सर ठेवून शिफ्ट आणि डब्ल्यू दाबलं की स्ट्रेच मार्कर पडतो, तो ओढून ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघांवर बसवायचा. उलटंही करता येतं, आणि मला तेच जास्त आवडतं: गाण्याला हात न लावता ग्रिडच गाण्यामागं वळवायचा, म्हणजे किक ढोलकीच्या मागं चालतो आणि चढलेली लय चढलेलीच राहते.

थोडक्यात हिशोब असा: स्वतःचे बीट आणि ड्रॉप (थांबून जोरात ठोका पडतो ती जागा) हेच मुख्य असतील तर एफएल प्रोड्यूसर, स्टेजवर लाइव्ह वाजवायचं असेल आणि पैसे असतील तर एबलटन, जुनी आणि लोकगीतं हाताळायची असतील आणि बजेट हजारांतच असेल तर रीपर. मोबाईलवरच करायचं तर बँडलॅब फुकट आहे, आयफोनवाल्यांना गॅरेजबँड. क्रॅक केलेली आवृत्ती मात्र नको. ऐन विसर्जनाच्या आदल्या रात्री प्लगइन उडाले की कुणाकडे दाद मागणार?

आता आवाज वेगळा काढण्याबद्दल. पूर्वी डाव्या चॅनेलमधून उजवा वजा करायचो. मधला आवाज जायचा, सोबत बेसही जायचा. २०१९ मध्ये डीझर या गाण्यांच्या कंपनीनं आवाज वेगळे काढणारं स्प्लीटर फुकट खुलं केलं, त्याच सुमारास मेटाचं (तेव्हाचं फेसबुक) डेमक्सही आलं. आज अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे फुकटचं सॉफ्टवेअर घरच्याच संगणकावर चालतं. ग्राफिक कार्ड नसेल तर एका गाण्याला चहा पिऊन यावं लागतं. मोइझेस, लालाल यांसारख्या ऑनलाइन सेवा लवकर करतात, पण फुकटात मोजकंच देतात. एफएलमध्येही ही सोय २०२३ पासून आली आहे, फक्त सिग्नेचर आणि वरच्या आवृत्त्यांत.

डेमक्सची नेहमीची वाटणी चार भागांची: गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं. त्याच्या शिकवणीत पाश्चात्त्य गाण्यांचा भरणा. त्यामुळे ढोलकीची शाई बऱ्याचदा ड्रममध्ये आणि धुम्मा बेसमध्ये जातो, तुणतुणं कुठंही, आणि झील धरणाऱ्यांचा (मागून साथ गाणाऱ्यांचा) आवाज गायनाला चिकटून येतो. उपाय साधा: ड्रम आणि बेस पुन्हा एकत्र करून एकच ढोलकी ट्रॅक समजा, आणि खाली नवा किक हलका ठेवा. एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाईल मिळाली तर गायनातली खरखर बरीच कमी होते.

वेग वाढवतानाही भान हवं. पिच न बदलता ९६ चं गाणं १२८ वर नेलं म्हणजे गायिकेचा आवाज एक चतुर्थांशानं आवळला, पत्र्यासारखा वाजतो. पाच-सात टक्क्यांपर्यंत कान सहन करतात. त्यापेक्षा ठोकाच ९६ ते १००चा ठेवा, आपल्याकडच्या मिरवणुकीत पावलं त्याच चालीला पडतात. आणि गोंधळ, धनगरी ढोल यांचे बरेच ठेके तीन-तीनच्या चालीचे. एफएल उघडतं सोळा चौकोनांवर. पॅटर्न बाराचा करून घ्या, नाहीतर ठेका ओढून चारात बसवल्यावर गजानृत्याची चाल मरते.

हक्कांची बाजू कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे मुद्रण जुनं झालं तरी गाणं मोकळं झालं असं नाही. यूट्यूबवर टाकलं की दावा येऊ शकतो. सुरक्षित वाट म्हणजे आपल्याच गावच्या हलगीवाल्याला रीतसर मानधन देऊन ठेका रेकॉर्ड करणं. हलगी शेकून तापवलेली असेल तर फोन पाच-सहा फूट लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. खाली तंबोरा हवा असेल तर मिरज जवळच आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

शेवटी डॉल्बीवाल्याकडे फाईल देण्याआधी मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावर, मोनोचं (दोन्ही बाजूंना एकच आवाज) बटण दाबून ऐका. बऱ्याच ठिकाणी सिस्टिम मोनोच चालते, आणि हेडफोनवर रुंद वाटणारा सिंथ तिथं गायब होतो. शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोच ठेवा, वर एक डेसिबलची जागा सोडा, वेव्ह काढा आणि पेनड्राइव्हवर सोबत एक एमपीथ्रीही टाका. काही मिक्सरचे यूएसबी प्लेअर वेव्ह वाचतच नाहीत.