मिळकतकराचे बिल आणि त्यामागचे अंदाजपत्रक: पुणे महापालिकेच्या सेवेचे परीक्षण

पुणे महापालिकेचा मिळकतकर भरण्याची सेवा मी नियमितपणे वापरतो, आणि त्या कराचा हिशेब मांडणारे वार्षिक अंदाजपत्रकही चाळतो. पहिली सेवा लाखो मिळकतदार वापरतात. दुसरी महापालिकेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, पण ती उघडून पाहणारे क्वचितच भेटतात. माझे मत आधीच नोंदवतो: कर घेण्याची व्यवस्था चांगली आहे, कर ठरवण्याची व्यवस्था कच्ची आहे, आणि या कच्चेपणाची भरपाई अंदाजपत्रकाच्या जमा बाजूवर, म्हणजे अपेक्षित उत्पन्नाच्या बाजूवर, आकडे चढवून केली जाते.

चांगल्या भागापासून सुरुवात करू. संकेतस्थळावर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक या तीन रकान्यांत बिलावरची माहिती भरली की मिळकतीचा तपशील समोर येतो. यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने रक्कम भरता येते आणि पावती तिथल्या तिथे उतरवून घेता येते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी क्षेत्रीय कार्यालये आणि नागरी सुविधा केंद्रे आहेत. सुरुवातीच्या मुदतीत, म्हणजे साधारणपणे ३१ मेपर्यंत, पूर्ण वर्षाची रक्कम भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सवलत मिळते. ही सवलत बिलाच्या संपूर्ण रकमेवर नसून फक्त सर्वसाधारण करावर असते, त्यामुळे मनातल्या मनात केलेला हिशेब आणि पडद्यावरचा आकडा जुळला नाही तर चूक शोधत बसू नये. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल पुनर्भरण यांसाठीची सवलत वेगळी आहे. सोसायटीत यांपैकी काही चालू असेल तर ती बिलात उतरली आहे का, एवढे पाहून घ्यावे.

बिल स्वतःही वाचण्यासारखे असते. सर्वसाधारण कर हा त्यातला मोठा आकडा. त्याच्या सोबतीला सफाई, अग्निशामक, वृक्षसंवर्धन, पाणीपुरवठा लाभ, जलनिस्सारण लाभ आणि महापालिकेचा शिक्षण उपकर अशी रांग असते. शेवटी राज्य शासनाचा शिक्षण कर येतो आणि बिगरनिवासी मिळकत असेल तर रोजगार हमी उपकरही येतो. या शेवटच्या दोन रकमा महापालिकेने फक्त गोळा करायच्या असतात; त्यांवर हक्क राज्याचा. ‘एवढा कर भरूनही रस्त्यावर खड्डे’ ही तक्रार रास्तच आहे, पण बिलातला प्रत्येक रुपया पालिकेच्या तिजोरीत राहत नाही, हेही त्याच कागदावर छापलेले असते.

मुदतीत न भरणाऱ्याला दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कागदावर ही शिक्षा सावकारी व्याजाच्या जवळ जाते. प्रत्यक्षात मात्र दर काही वर्षांनी अभय योजना येते. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या योजनेत ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीवरील शास्तीत ८० टक्के माफी होती. आता हिशेब करून पाहा: १ लाख रुपये वर्षभर थकवले तर शास्ती २४ हजार, त्यातले ८० टक्के माफ झाल्यावर उरले ४ हजार ८०० रुपये. शेकडा पाच रुपयांहूनही कमी व्याजाने, तारण न ठेवता, वर्षभरासाठी इतके स्वस्त कर्ज कोणती बँक देते? वेळेवर भरणाऱ्याला सर्वसाधारण करातली ५ किंवा १० टक्के सवलत आणि थकवणाऱ्याला हे कर्ज, अशी ही तुलना आहे. वसुलीसाठी थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवण्याचा उपायही महापालिकेने करून पाहिला आहे. त्या बँडच्या बातम्या रंजक असतात, पण पुढची अभय योजना केव्हा येणार याचा अंदाज बांधून बसलेल्या मोठ्या थकबाकीदाराला बँडचा आवाज फारसा ऐकू जात नसावा.

इथून पुढे सेवेचा दर्जा घसरतो. कायद्यानुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर मुख्य सभेने, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेने, २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. अंदाजपत्रक मात्र गेल्या काही वर्षांत त्यानंतर, मार्च महिन्यात, सादर झाले आहे. म्हणजे घरात किती पैसे लागणार हे कळण्याआधीच किती आणायचे ते ठरते. निवडून आलेली मुख्य सभा असताना हा कार्यक्रम ठरल्यासारखा चालतो: प्रशासन ठरावीक टक्के वाढ सुचवते, सर्वपक्षीय नगरसेवक ती फेटाळतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘पुणेकरांना दिलासा’ असा मथळा येतो. २०२१ च्या सुरुवातीला आलेला ११ टक्के वाढीचा प्रस्तावही असाच बाजूला पडला. कोरोनानंतरच्या त्या वर्षी वाढ नको म्हणणे समजण्यासारखे होते. पण दर तसेच ठेवायचे ठरल्यावर कोणती कामे कमी करायची, याची यादी त्याच बैठकीत मांडली जात नाही, आणि या सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

याचे फळ आकड्यांत दिसते. २०२३-२४ चे अंदाजपत्रक ९,५१५ कोटींचे होते, २०२४-२५ चे ११,६०१ कोटींचे आणि २०२५-२६ चे १२,६१८ कोटींचे. दोन वर्षांत जवळपास एक तृतीयांश वाढ झाली आणि मिळकतकराचे दर मात्र होते तिथेच राहिले. ही वाढ मग कशावर उभी राहते? नव्या मिळकतींच्या आकारणीवर, थकबाकीच्या वसुलीवर, बांधकाम परवानगीच्या शुल्कावर आणि शासनाच्या अनुदानावर. यांतली वसुली पुढे ढकलता येते, बांधकाम शुल्क बाजाराच्या लहरीवर चालते, आणि अनुदान मुंबईच्या हातात असते. कायद्यानुसार वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागत असल्याने तूट दाखवण्याची सोय नाही. म्हणून खर्च आधी ठरतो आणि त्याला पुरतील असे जमेचे अंदाज नंतर बसवले जातात, असे दर वर्षीचे सुधारित अंदाज (वर्ष सरत आल्यावर नव्याने मांडलेले आकडे) पाहिल्यावर वाटते.

पूर्वी इतकी ओढाताण नव्हती, कारण शहरात येणाऱ्या मालावरची जकात होती. जकातनाक्यांवर जमा होणारी रक्कम रोज मोजता येत असे, आणि ती शहराची स्वतःची होती. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्याने ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून मोकळे केले. आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर उरलेला भागही संपला. त्याच्या बदल्यात राज्याकडून नुकसानभरपाई मिळते आणि तिच्यात दर वर्षी ८ टक्के वाढ गृहीत धरली आहे. ही रक्कम नियमित येते हे खरे, पण शहराचा व्यापार दुप्पट झाला म्हणून ती दुप्पट होत नाही. स्वतःच्या हाताने कमीजास्त करता येईल असा एकच मोठा कर महापालिकेकडे उरला, तो मिळकतकर. आणि नेमक्या त्यालाच हात लावायचा नाही असा सर्वांचा अलिखित करार आहे.

हात लागतो तोही आडवाटेने, आणि याचे उत्तम उदाहरण ४० टक्के सवलतीचे आहे. मिळकतकर घराच्या वाजवी, म्हणजे अंदाजाने धरलेल्या, भाड्यावर मोजतात; स्वतः राहत असलेल्या घराच्या या भाड्यात ४० टक्के सूट देण्याचा ठराव १९७० चा. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर राज्य सरकारने ही सवलत काढली, २०१९ पासूनच्या नव्या घरांना ती मिळेनाशी झाली, आणि शेजारशेजारच्या दोन सारख्या सदनिकांची बिले वेगळी येऊ लागली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा कायम केली तेव्हा शहरात पेढे वाटण्यासारखे वातावरण होते. त्याच निर्णयात या भाड्यातून मिळणारी देखभाल-दुरुस्तीची वजावट १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. करपात्र रक्कम शंभरातल्या ८५ ऐवजी ९० रुपयांवर मोजली जाऊ लागली, म्हणजे ज्यांना आधीपासून दोन्ही सवलती होत्या त्यांच्या बिलात सुमारे ६ टक्के वाढ झाली. मुख्य सभेत दर न वाढवता झालेली ही वाढ आहे. मागच्या वर्षांचा फरक वसूल केला नाही, एवढे सौजन्य मात्र शासनाने दाखवले.

ज्यांना सवलत मिळाली नव्हती त्यांच्याकडून पीटी-३ अर्ज मागवले गेले: घरमालक स्वतः राहत असल्याचे सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र किंवा गॅसकार्डासारखा पुरावा आणि २५ रुपये शुल्क. जादा भरलेली रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करून देण्याची पद्धत ठरली. नवी सदनिका घेणाऱ्यांनी या अर्जाकडे दुर्लक्ष करू नये. आकारणीच्या वेळीच सवलत लागली आहे ना, हे बिलावर तपासावे.

खर्च बाजू वाचताना दोन शब्द माहीत असले पाहिजेत. पहिला ‘स यादी’: नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामे, म्हणजे बाके, पेव्हिंग ब्लॉक, कमानी, नामफलक. दुसरा ‘वर्गीकरण’: एका कामासाठी धरलेली तरतूद वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणे. वर्गीकरण कायदेशीर आहे आणि कधी गरजेचेही असते. पण मार्चमध्ये मोठ्या रुग्णालयासाठी किंवा उड्डाणपुलासाठी जाहीर झालेली रक्कम डिसेंबरात कशावर गेली हे अंदाजपत्रकाच्या पुस्तकावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक ठराव वेगळा शोधावा लागतो. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि पीएमपी या शहर बससेवेच्या तुटीतला ६० टक्के वाटा हे खर्च टळत नाहीत, त्यामुळे जमा कमी पडली की कात्री बसते ती विकासकामांना. कर्जाचा मार्गही आहे: समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे दहा वर्षांसाठी काढले. पण रोख्यांची मुद्दल आणि व्याज शेवटी याच जमेतून फेडायचे असते.

हद्दवाढीने ताण आणखी वाढवला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. क्षेत्रफळाने पुणे मुंबईपेक्षा मोठे झाले. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर पडली. रस्ते, ड्रेनेज, टँकर यांची मागणी गावे येताच सुरू होते. कर मात्र पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाचव्या वर्षी पूर्ण, अशा टप्प्यांनी चढतो, आणि त्यातही वसुलीला स्थगिती मिळते. गावकऱ्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या मानाने कर कित्येक पटींनी जास्त आणि पाणी अजून टँकरचे. पण हा फरक कोण भरणार, याचे उत्तर अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आले, आणि २०२३-२४ पासून सलग तीन अंदाजपत्रके आयुक्तांनी सादर केली ती, स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकारही त्यांच्याचकडे असल्याने, एका अर्थी स्वतःलाच. नगरसेवकांच्या दबावाशिवाय तरी जमेचे अंदाज वास्तवाला धरून येतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात याच काळात आकडा ९ हजारांवरून १२ हजार कोटींवर गेला. त्यामुळे फुगवट्याचा सगळा दोष लोकप्रतिनिधींच्या माथी मारणे मला आता पटत नाही.

२००६-०७ पासून चालू असलेला नागरिकांच्या सहभागाचा भाग मात्र कौतुकाचा आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातले ५ लाखांपर्यंतचे काम सुचवता येते. रक्कम तुटपुंजी आहे आणि अर्ज फक्त खर्चाविषयी असतो. कराचा दर किती असावा हे नागरिकाला विचारणारा रकाना त्यात नाही.

भरणा सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार तारे आणि अंदाजपत्रकाला दोन. त्यातला एक तारा निव्वळ एवढ्यासाठी की ते मराठीत आहे आणि सर्वांसाठी खुले आहे. ज्यांना त्यातले एकच पान वाचायचे असेल त्यांनी जमा बाजूच्या गोषवाऱ्याचे पान उघडावे. मिळकतकराच्या ओळीवर मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मग तीच गोष्ट बांधकाम परवानगीच्या ओळीवर करावी. यासाठी दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि आपल्या प्रभागातले जाहीर झालेले काम यंदा होण्याची शक्यता किती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.