ओपीडी संपल्यावरचा क्लास: डॉक्टरांसाठीचा ऑनलाइन रिसर्च कोर्स

वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझं हाडांचं क्लिनिक आहे. दर नवरात्रात ‘साहेब, पग मचकोडाई गयो’ म्हणत लंगडत येणाऱ्यांची रांग लागते. यात अनवाणी खेळणारे जास्त की बूटवाले, यावर बारा वर्षं मी नुसत्या गप्पा मारल्या. शेवटी यंदा अठरा हजार भरून एका खासगी संस्थेच्या सहा महिन्यांच्या कोर्सला बसलो. नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

जाहिरातीत होतं, ‘तुमच्या वेळेनुसार शिका’. व्हिडिओपुरतं ते खरं. पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे, दोन पेशंटच्या मधेही एखादा उरकतो. पण चर्चेचा लाइव्ह तास बुधवारी साडेसातला! त्या वेळी माझ्या बाकावर आठ माणसं बसलेली असतात. रेकॉर्डिंग दोन दिवसांत गायब, आणि टेस्ट रविवारी रात्री बाराला बंद. एकदा मांडीचं हाड मोडलेल्या आजी आल्या आणि माझी टेस्ट राहिली. मेल केला, तर उत्तरात नियमावली आली. हा कोर्स बसवणाऱ्याने ओपीडी बाहेरूनच पाहिली असावी.

नुसता पाया हवा असेल तर अठरा हजार घालू नका. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या सरकारी साथरोग-संशोधन संस्थेचा ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ स्वयम-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आहे. पीजीच्या (एमडी-एमएस करणाऱ्या) पोरांना तो सक्तीचा आहे, आपल्यालाही करता येतो. व्हिडिओ फुकट, पैसे फक्त परीक्षेचे.

मग माझे पैसे कशाचे? तर मार्गदर्शक बाईंचे. महिन्यातून दोनदा, रात्री साडेनऊला, आम्ही दोघंच. मी विषय पाठवला होता: ‘अनवाणी गरबा खेळण्याचे दुष्परिणाम’. बाईंचा पहिला प्रश्न, ‘दुष्परिणाम आहेत हे आधीच ठरवून टाकलंत का, डॉक्टर?’ दुसरा त्याहून जिव्हारी लागला. ‘तुमच्याकडे मुरगळलेलेच येतात. न मुरगळलेल्यांत अनवाणी किती होते, ते कोण सांगणार?’ बारा वर्षांच्या गप्पा तिथेच आडव्या.

आजार असलेले (केस) आणि नसलेले (कंट्रोल) यांची तुलना करायची, ही केस-कंट्रोलची भानगड व्हिडिओत डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांच्या सिगारेटवरच्या 1950च्या अभ्यासावरून शिकवली होती: फुप्फुसाच्या कॅन्सरचे 709 पेशंट, आणि तुलनेला तो कॅन्सर नसलेले तितकेच. पाहताना सोपं वाटलं होतं. म्हटलं, आपण पेशंटच्या मैत्रिणींना कंट्रोल धरू. बाई हसल्या. एकाच घोळक्यातल्या मुली एकसारख्याच खेळणार, एक अनवाणी तर सगळ्या अनवाणी. मग फरक दिसणार कशात? शेवटी ठरलं, त्याच आठवड्यात खांदा किंवा मान धरून आलेले, पण गरबा खेळलेले पेशंट घ्यायचे.

आकड्याचंही तेच. मी ‘तीस पेशंट पुरेत’ म्हणत होतो. बाई म्हणाल्या, आधी मैदानावर अनवाणी किती, एवढं तरी मोजा. साठ टक्के धरले आणि दहा टक्के इकडेतिकडे चालवून घेतलं, तरी 4 गुणिले 60 गुणिले 40 भागिले 100 (दहाचा वर्ग), म्हणजे 96 माणसं लागतात. मी हे प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहिलं आणि तोच कागद चुकून एका काकांना दिला. त्यांनी तो मेडिकलवाल्यालाही दाखवला!

आकडेशास्त्राचा भाग मात्र घाईत गुंडाळलाय. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) तीन वेळा पाहिली, अजून आत्मविश्वास नाही.

तर घ्यावा का? डोक्यात एखादा प्रश्न घोळत असेल तर घ्या, पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: लाइव्ह तास कधी, आणि तुमचा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, कोण वाचणार. नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं असेल तर राहू द्या.

माझा प्रोटोकॉल चौथ्यांदा लिहून झालाय, आता एथिक्स कमिटीकडे जाईल. मंजुरी आली तर येत्या नवरात्रात मैदानावर फॉर्म भरून घ्यायचे आहेत. कंपाउंडरला विचारलं, तर म्हणतो, ‘साहेब, नऊ रात्री सोडून कधीही सांगा.’