कुरकुरणारी खुर्ची ठेवून घेतली, न कुरकुरणारी परत केली: आठेक महिन्यांनंतरचा अनुभव

खुर्ची कामाची आहे. जाळीची पाठ, फोमचं सीट, वरखाली होणारे आर्मरेस्ट, खाली पाच चाकं. मॉडेलचं नाव देत नाही, कारण हाच सांगाडा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो आणि माझं म्हणणं एका नावापुरतं नाही. ही माझी दुसरी खुर्ची. पहिली परत केली, आणि हीसुद्धा परत करायच्या बेतात होते. ती का गेली आणि ही का राहिली, ते सांगायला लिहितेय. खुर्च्यांचे बहुतेक अभिप्राय पहिल्या आठवड्यात लिहिलेले असतात, त्यामुळे 'एकदम मस्त' किंवा 'पैसे पाण्यात' यापलीकडे त्यांतून काही हाती लागत नाही.

पहिल्या खुर्चीत खोट अशी काहीच नव्हती. दणकट होती, आवाज नाही, सगळे बोल्ट जागच्या जागी. फक्त सीट खोल. पाठ पूर्ण टेकवून बसलं की सीटची पुढची कडा गुडघ्यामागे रुतायची. कडा आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जावीत असा साधा हिशेब आहे. माझं एक बोटही जात नव्हतं. मग आपण नकळत पुढे सरकून बसतो. पुढे सरकलो की पाठ सुटते, आणि ज्या कमरेच्या आधारासाठी एवढे पैसे मोजले तो मागे नुसताच राहतो. पाठीला उशी लावून पाहिली. पाठ टेकली, पण आता मीच पुढे आल्यामुळे कोपर आर्मरेस्टच्या पुढच्या टोकावर यायला लागलं. एक दुखणं काढलं की दुसरं उभं.

घरच्यांचं म्हणणं, होईल सवय. मलाही ते पटवून घ्यायचं होतं, कारण परत करायचं म्हणजे खुर्ची खोलून मूळ खोक्यात भरायची होती. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सीट वरखाली करणारा गॅसचा सिलिंडर चाकांच्या पायात स्क्रूने बसत नाही. त्याचं खालचं टोक निमुळतं असतं, पायातलं भोकही तसंच निमुळतं. वरून वजन पडलं की दोन्ही एकमेकांत रुतून बसतात, आणि जितके दिवस बसाल तितके अधिक घट्ट. बसवायला क्षणभर, काढायला अख्खी दुपार. खुर्ची आडवी पाडायची, सीटच्या बाजूने पायाच्या मधल्या गोलावर रबरी हातोडीने ठोकायचं, पाया जरा फिरवायचा, पुन्हा ठोकायचं. सांध्यात डब्ल्यूडी-४० फवारून थोडं थांबलं तर मदत होते. सिलिंडरलाच हातोडी मारायची नाही किंवा तो खोलायच्या भानगडीत पडायचं नाही, आत दाबाखालचा वायू असतो. पाया एकदाचा 'टक्' करून सुटला. वरचं टोक काही केल्या सुटलं नाही, म्हणून सीट सिलिंडरसकट तिरकं करून खोक्यात बसवलं आणि वरून टेप गुंडाळली. मग पिकअपची वाट, चुकलेली वेळ, पुन्हा फोन, रिफंडसाठी पुन्हा फोन. ते सगळ्यांना माहीत आहे, लांबवत नाही.

तरीही ती परत करणं शंभर टक्के योग्य होतं असं मला आजही वाटतं, आणि त्याचं कारण वॉरंटीच्या कागदात आहे. वॉरंटी कशाची असते? बिघाडाची. वेल्ड तुटलं, सिलिंडर खाली बसायला लागला, चाक निखळलं, तर वर्षभराने सुद्धा तक्रार करता येते. 'सीट माझ्या मांडीपेक्षा लांब आहे' ही तक्रार कुठल्याच वॉरंटीत बसत नाही. तिच्यासाठी दार एकच, परत करायची मुदत. ते बंद झालं की गुडघ्यामागची ती कडा खुर्ची असेपर्यंत तुमची. आपण नेमकं उलटं करतो. ओरखडा दिसला, आवाज आला, एक बोल्ट कमी निघाला की लगेच रिटर्नचं बटण दाबतो. आणि वस्तू धडधाकट आहे पण आपल्याला बसत नाही, तेव्हा ठेवून घेतो. कारण तक्रार करायला बोट दाखवावं असं काही नसतं.

आता या दुसऱ्या खुर्चीकडे. हिचं सीट पुढे-मागे सरकतं. घेताना मी बाकी काही न बघता तेवढंच बघितलं. पूर्ण मागे घेतलं की माझी तीन बोटं आरामात जातात. पण डावीकडे कललं की करकर आवाज यायचा, आणि दोन्ही आर्मरेस्ट हाताने हलवले की डुगडुगायचे. शांत खोलीत त्या करकरीने डोकं उठायचं. परत करायची मुदत चालू होती, खोकंही ठेवलेलं होतं.

पहिल्या अनुभवामुळे असेल, पण आधी आवाज कुठून येतो ते शोधायचं ठरवलं. मी बसून हळूहळू डावीकडे झुकायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून कान लावायचा. आवाज पाठीतून येतोय असं मला वाटत होतं, निघाला सीटखालून. सीटच्या तळाला प्लायवूडची फळी असते आणि कलण्याची यंत्रणा असलेली लोखंडी प्लेट तिला चार बोल्टनी आवळलेली असते. त्यातला एक बोल्ट हाताने फिरेल इतका सैल होता. चारही थोडे सैल केले, मग कर्णरेषेत एकेक करून अॅलन कीने आवळले, कलण्याच्या सांध्यात थोडं ग्रीस भरलं. करकर गेली. काही आठवड्यांनी परत आली, तेव्हा बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घातले. त्यानंतर आवाज नाही. आर्मरेस्टची डुगडुग मात्र आजही तशीच आहे. वरखाली होणाऱ्या आर्मरेस्टमध्ये थोडी ढिलाई असतेच. टायपिंग करताना कोपर टेकलेलं असतं तेव्हा ती जाणवत नाही. उठताना त्यावर जोर दिला तरच कळते.

सगळेच बिघाड असे पान्हा घेऊन सुटत नाहीत हे मान्य. सिलिंडर बसल्या बसल्या खाली सरकत असेल, पायाला तडा असेल, पाठ टेकताना अचानक सुटत असेल, तर तिथे दुरुस्तीचा विचारही करू नका. ज्या बिघाडाने माणूस पडू शकतो त्याची खुर्ची त्याच दिवशी परत. आणि ज्यांना पान्हा हातात घ्यायचाच नाही त्यांनी माझ्यासारखं करायची गरज नाही, नवीन वस्तू दुरुस्त करत बसणं हे काही गिऱ्हाइकाचं काम नव्हे.

या सगळ्यात आपलं मन मध्ये येतं, त्याबद्दल थोडं. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने १९८० साली एक गोष्ट मांडली: वस्तू आपली झाली की आपल्याला तिची किंमत वाढलेली दिसते. पुढे १९९० मध्ये डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांचे कॉफीच्या मगांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत ज्यांना मग मिळाला होता ते विकायला साधारण दुप्पट पैसे मागत होते, मग न मिळालेले घ्यायला त्याच्या निम्मेच द्यायला तयार होते. २०१२ च्या आणखी एका संशोधनाने दाखवलं की स्वतः जोडलेल्या वस्तूची आपण जास्त किंमत करतो. सुटे भाग घरी आणून जोडायचं फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीवरून त्याला नावच 'आयकिया इफेक्ट' पडलं. खुर्चीत दोन्ही एकदम लागू होतात, आपली आणि वर आपणच जोडलेली. म्हणून लांबलचक मुदत दिली की लोक जास्त वस्तू परत करतील हा समजही फसवा आहे. २०१६ मध्ये 'जर्नल ऑफ रिटेलिंग'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुनी संशोधनं एकत्र तपासली होती. त्यात मुदत जास्त असली की परत येणाऱ्या वस्तू उलट कमी होतात असं दिसलं. बघू पुढच्या आठवड्यात म्हणता म्हणता वस्तू घरचीच होऊन जाते.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारला होता. ही खुर्ची आत्ता घरात नसती आणि तेवढेच पैसे हातात असते, तर ही आहे तशी, करकरीसकट, घेतली असती का? पहिलीला उत्तर लगेच 'नाही' आलं. दुसरीला थोडं घुटमळून 'हो'. त्या घुटमळण्याचं कारण आवाज होता, बसणं नव्हे.

ठोकाठोकीच्या त्या दुपारीबद्दलही एक हिशेब आहे. परत करायचा त्रास अंगावर येतो, कारण तो एकगठ्ठा समोर दिसतो. न बसणाऱ्या खुर्चीचा त्रास रोज थोडा थोडा, दिसतही नाही. जी वस्तू दिवसाचे कित्येक तास वापरायची तिच्यासाठी एक दुपार काहीच नाही. महिन्यातून एकदा वापरायचं यंत्र असतं तर तोच दोष असूनही मी हातोडी उचलली नसती.

बाकी खुर्ची म्हणून: फोमचा नवेपणाचा वास खिडकी उघडी ठेवल्यावर दोनेक आठवड्यांत गेला. फोम अजून बसलेला नाही, जाळीही ताठ आहे. सोबत आलेली नायलॉनची चाकं गुळगुळीत फरशीवर खडखड करतात. ती गालिच्यासाठी ठीक, फरशीला मऊ पॉलियुरेथेनची घ्या. घेण्याआधी जुन्या चाकाचा दांडा मोजा. माझा नेहमीचा ११ मिलिमीटरचा निघाला, म्हणून नवी चाकं सरळ बसली. ही अदलाबदल मात्र परत करायची मुदत संपल्यावर करा, म्हणजे 'मूळ भाग नाहीत' असं कारण कुणाला मिळणार नाही. खोकंही तोवर टाकू नका.

सध्याची एकच तक्रार म्हणजे कमरेच्या आधाराची कळ. हल्ली ती दिवसभरात हळूहळू खाली घसरते. बिघाडच आहे, त्यामुळे वॉरंटीत फोटो पाठवून सुटा भाग मागवला आहे. ज्यांची उंची माझ्यासारखी बेताची आहे त्यांनी कुठलीही खुर्ची घेताना उंची आणि वजनाच्या आकड्यांआधी सीटची खोली विचारा. ती माहितीत दिलेली नसेल तर विक्रेत्याला टेप लावून मोजायला सांगा. मी तसं करायला सांगितलं तेव्हाच कळलं की सरकणारं सीट असलेल्या दोन मॉडेलांपैकी एक मागे घेतल्यावरही मला लांबच पडलं असतं.