गोंगाटाचा स्रोत शोधताना : अकूस्टिक कॅमेरा की इंटेन्सिटी प्रोब?

कारखान्यात आवाज किती आहे हे साउंड लेव्हल मीटर सांगतो. तो यंत्राच्या नेमक्या कोणत्या भागातून येतो हे शोधायचे असेल, तर निवड बहुधा अकूस्टिक कॅमेरा आणि साउंड इंटेन्सिटी प्रोब यांच्यात करावी लागते. प्रात्यक्षिकात कॅमेराच बाजी मारतो, कारण पडद्यावर यंत्राच्या चित्रावर, आवाज जिथून येतो तिथे, लाल डाग उमटला की पाहणाऱ्याचे अर्धे मन तिथेच तयार होते. माझ्या मते मात्र निर्णय त्या डागावर नव्हे, तर आपला आवाज किती हर्ट्झचा आहे यावर व्हावा.

कॅमेऱ्यात अनेक मायक्रोफोन एका चकतीवर बसवलेले असतात आणि एकच आवाज त्यांच्यापर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतो, त्या फरकावरून दिशा काढली जाते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असल्याने 100 हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते. हातात मावणाऱ्या चकतीला एवढ्या लांब लहरीतला फरक जेमतेम जाणवतो आणि डिझेल जनरेटर अख्खाच लाल दिसतो. मीटरभर व्यासाची चकतीसुद्धा तीन मीटरवरून, 1000 हर्ट्झला, सव्वा मीटरच्या आतले दोन स्रोत साध्या गणिताने वेगळे करू शकत नाही. याउलट दाबाखालच्या हवेची गळती 40 किलोहर्ट्झच्या आसपासही सुसाटते, तिथे तरंगलांबी नऊ मिलिमीटरहून कमी असते. फ्लूकच्या आयआय900 या 64 मायक्रोफोनांच्या, 2 ते 52 किलोहर्ट्झ टिपणाऱ्या कॅमेऱ्यासारखे उपकरण अशा वेळी छताजवळच्या पाइपावरचा नेमका सैल कपलर (पाइपांचा जोड) खालूनच दाखवते. साबणाचे पाणी घेऊन शिडी चढावी लागत नाही.

प्रोबमध्ये समोरासमोर दोन मायक्रोफोन असतात, त्यांच्यामध्ये अंतर राखणारा, बहुधा 12 किंवा 50 मिलिमीटरचा तुकडा. प्रोब ध्वनिऊर्जा कोणत्या दिशेने वाहते हे मोजतो, म्हणून शेजारचे यंत्र एकसारखे चालू असले तरी आयएसओ 9614 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आपल्या यंत्राची ध्वनिशक्ती, म्हणजे ते एकूण किती ध्वनिऊर्जा बाहेर टाकते, हे काढता येते, आणि लांब तुकडा लावला की खालच्या स्वरांतही तो कामाचा ठरतो. किंमत वेळेत मोजावी लागते : पृष्ठभागावर जाळी आखून बिंदूगणिक थांबायचे, आणि तेवढा वेळ आवाज स्थिर राहिला पाहिजे. पंच प्रेसच्या ठोक्यांसाठी त्यामुळे कॅमेराच बरा.

तेव्हा गळती, शीळ किंवा जनरेटरच्या आवरणाच्या दाराची फाट शोधायची असेल तर कॅमेरा घ्यावा. घरघर कमी करायची असेल किंवा आकडा अहवालात द्यायचा असेल, तर प्रोब, तोही आधी भाड्याने. कॅमेरा घेणाऱ्याने प्रात्यक्षिक आपल्याच शेडमध्ये, सगळी यंत्रे चालू ठेवून मागावे, कारण गुळगुळीत भिंतीवरून परतलेला आवाज कॅमेऱ्याला भिंतीतूनच आल्यासारखा दिसतो. शिवाय पडद्यावरची डेसिबलची पट्टी, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा किती डेसिबल खालपर्यंतचे चित्रात रंगवायचे ती मर्यादा, 3 वर ठेवली की कोणतेही चित्र नेटके वाटते. ती 10 वर न्यायला सांगावी आणि मग डाग किती पसरतो ते पाहावे.